आधी किती, नंतर किती

उपकेंद्रात मी गेलो होतो बीपीच्या गोळ्या घ्यायला. तिथली नवी मॅडम, वयानं माझ्या मुलीपेक्षाही लहान, गोळ्या देता देता म्हणाली, "काका, पाच मिनिटं बसता का? थोडे प्रश्न आहेत. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं." मला वाटलं, असेल सर्व्हे. गावात सर्व्हे काय कमी येतात? संडास आहे का, गॅस आहे का, गुरं किती. बसलो.

पहिला प्रश्न, एकंदरीत आयुष्याबद्दल समाधानी आहात का. हो म्हटलं. दुसरा, आधी करायचे त्यातलं बरंचसं सोडून दिलंय का, आवडीनिवडी वगैरे. इथं मी अडकलो. सोडायला आधी काही धरलेलं तर पाहिजे. मग आयुष्य रिकामं वाटतं का, कंटाळा येतो का, बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का, आपला काही उपयोग नाही असं वाटतं का. मी 'हो' म्हणत गेलो आणि ती तिकिटाला पंच मारावा तशा खुणा करत गेली. जिवंत आहोत हे छान वाटतं का, असाही एक प्रश्न होता. त्याला मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत राहिलो. तिनं घाई केली नाही.

उदासीकडे झुकणारी उत्तरं मोजली, 15 पैकी 9 भरली. पाचच्या वर गेलं की एकदा डॉक्टरांनी नीट बघायला पाहिजे, असं तिनं सांगितलं. हे प्रश्न म्हाताऱ्या माणसांसाठीच बनवलेत, यानं डिप्रेशनचा आजार ठरत नाही, ही नुसती चाळणी आहे. कागदाच्या मागं तिनं 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी मदतीचा, नंबर लिहून दिला. रात्री-बेरात्री कधीही लावा, मराठीत बोलतात, म्हणाली. मी कागदाची घडी करून देव्हाऱ्यातल्या पंचांगात ठेवली आणि चार दिवस घरात कोणाला काही बोललो नाही. ही गोष्ट 2023 च्या पोळ्याच्या आधीची.

एसटीत मी 31 वर्षं कंडक्टर होतो. 2017 ला निवृत्त झालो. आमचं गाव आर्वी तालुक्यात, घरचं वावर पाच एकर. नोकरीत असताना शेती भाऊ पाहायचा. निवृत्तीनंतर तीन हंगाम मी स्वतः केली, मग गुडघ्यानं जवाब दिला आणि वावर ठेक्यानं देऊन टाकलं. मुलगा चाकणला कंपनीत, मुलगी नागपूरला नर्स. घरी मी आणि मुलांची आई.

कंडक्टरला एकटेपणा म्हणजे काय ते कळत नाही. दिवसाला शंभर माणसांशी बोलायचं, भांडायचं, सुट्या पैशांवरून दोन शिव्या खायच्या, दोन द्यायच्या. मुक्कामी गाडी असली तर ज्या गावात मुक्काम, तिथल्या पारावर रात्री गप्पा. नोकरीत असताना लोकांचा कंटाळा यायचा. वाटायचं, एकदा निवृत्त झालो की महिनाभर कोणाशी बोलणार नाही. ते जरा जास्तच खरं झालं.

आमच्या गावातही पार आहे, वडाखाली. सुरुवातीला जायचो. पण तिथं सात-आठ जण एकदम बोलतात, आणि मला अर्धं ऐकू येईना. गाडीच्या इंजिनाशेजारी 31 वर्षं काढली, वर वय. सगळे हसले की मीही हसायचो, कशाला हसलो ते कळायचं नाही. एकदा कोणाच्या तरी मयतीची गोष्ट निघाली होती आणि मी हसलो. त्यानंतर हळूहळू जाणं सुटलं. सुटलं हे माझं मलाही कळलं नाही. गुडघा दुखतो, ऊन आहे, आज गुरुवार आहे. कारणं रोज नवी निघायची.

मग टीव्ही आला आणि टीव्हीनंतर मोबाईल. दिवसभर बातम्या पाहायचो. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवणावरून मन उडालं. माझं लक्ष नाही असं समजून मुलांची आई फोनवर पोरीला सांगत होती, "बाप तुहा भिताडाकडे पायत बसते वं दिवसभर." हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

तिची गोष्ट वेगळी. ती कधी रिकामी बसलेली मी पाहिली नाही. उन्हाळ्यात शेजारणींसोबत कुरड्या, सरगुंडे, पापड. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरींना जमवून भुलाबाईची गाणी. एकादशीला बायांचं भजन. याला छंद म्हणतात हे तिला माहीत नाही आणि सांगितलं तर ती हसेल. पण कुरड्या घालताना पाच जणींच्या तोंडाचा पट्टा चालतो, तो पाहिला की वाटतं, पापडाचं निमित्तच असावं. आम्हा पुरुषांना नोकरी किंवा वावर, तिसरं काही कोणी शिकवलंच नाही.

पाचव्या दिवशी पंचांग पाहायला तिनंच काढलं आणि कागद सापडला. अक्षर लावून लावून वाचला. मग एवढंच म्हणाली, "चाला, सेवाग्रामले जाऊ."

सेवाग्रामच्या दवाखान्यात अर्धा दिवस गेला. झोप, भूक, वजन, दारू, जुने आजार असं सगळं विचारलं. रक्त घेतलं. थायरॉइड बिघडला तरी माणूस असाच मलूल होतो, बी-12 कमी असलं तरी होतो, म्हणून ते आधी पाहतात. माझं थायरॉइड ठीक होतं, बी-12 कमी निघालं, त्याची इंजेक्शनं लागली. कानाची तपासणी झाली. बारीक, चिरके आवाज दोन्ही कानांना कमी येतात, मशीन लावा म्हणाले. मशीन मी अजून लावलेलं नाही. यात माझं चुकतंय हे मला माहीत आहे, तुम्ही सांगू नका.

एक गोळी दिली रोज घ्यायला. डॉक्टरबाईंनी बजावलं की फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, दहा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडायची नाही, आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं सोडायची नाही. मग त्यांनी एका कागदावर रकाने आखले. दिवस, वेळ, काय केलं, करण्याआधी मन कसं होतं ते दहापैकी किती, केल्यानंतर किती. रोज दोन तरी गोष्टी ठरवून करायच्या आणि लिहायच्या. मी म्हटलं, मॅडम, कशात मनच लागत नाही, तर करू काय? त्यांचं म्हणणं, मन लागण्याची वाट पाहू नका. आधी करा, वेळ झाली की करा, मन मागून येतं कधी कधी. येईलच असं नाही. "कधी कधी" म्हणाल्या म्हणून मला विश्वास वाटला. ठामपणे सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

रकाने पाहून मात्र हात शिवशिवले. आयुष्यभर तिकिटांच्या हिशोबाचं वे-बिल भरलेला माणूस मी. घरी आलो आणि शंभर पानी वही आखून काढली.

ती वही आता समोर आहे. पहिल्या पानावरचं थोडं उतरवतो. "सोमवार, सकाळी 7, नदीपर्यंत चाललो. आधी 3, नंतर 3." "सोमवार, दुपारी बातम्या. आधी 3, नंतर 2." "मंगळवार, पत्ते, पारावर. आधी 3, नंतर 1. साठ रुपये हरलो." "बुधवार, नातवाशी व्हिडिओ कॉल. आधी 3, नंतर 6." आणि त्याच्याखाली, हे मी का लिहिलं कोण जाणे, "अर्ध्या तासानं पुन्हा 2." फोन ठेवल्यावर घर आणखी रिकामं वाटतं, हे लिहिल्यामुळे कळलं. तोवर मी पोराला दोष देत होतो की तो फोन कमी करतो.

टीव्ही प्रत्येक वेळी एक-दोन आकडे खाली न्यायचा. दोन आठवडे झाल्यावर मी बोटानं रकाना खाली तपासत गेलो, एकदाही वर नाही. इतकी वर्षं जो विरंगुळा म्हणून धरला होता त्याचा हिशोब असा निघाला. कॅश कमी भरली तर पगारातून कापायचे, इथं कोण कापत होतं ते दिसलं.

आता खंजिरी.

गावात गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मोझरी आमच्यापासून फार लांब नाही, या भागात गावोगाव त्यांची मंडळं आहेत. सांजेला सामुदायिक प्रार्थना होते, गुरुवारी भजन. मी काही त्यातला नव्हतो. पण वहीत रोज दोन गोष्टी लिहायच्या, आणि माझ्याकडच्या संपल्या होत्या. एका गुरुवारी दारात जाऊन उभा राहिलो. "जयगुरू," म्हणत टेलरदादांनी आत बोलावलं. टेलरदादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. आमच्या लग्नाचे कपडे त्यांनी शिवले. त्यांनी माझ्या हातात टाळ दिले. टाळ माझ्या कानाला नीट लागेनात, मी एक मात्रा मागं, सगळे एक मात्रा पुढं. त्या दिवशीची नोंद, "भजन. आधी 3, नंतर 2. पोरं हसली."

पुढच्या गुरुवारी जाणार नव्हतो. पण सकाळीच टेलरदादा घरी आले आणि दारातूनच ओरडले, "कंडक्टर, आज तुह्यासाठी खंजिरी काढून ठेवली. ये वक्तावर." एवढं म्हणून निघून गेले. चहालाही थांबले नाहीत. आता एखादा माणूस वक्तावर ये म्हणतो आणि मी जात नाही, हे 31 वर्षांत झालेलं नाही.

खंजिरी दिसायला खेळणं. लाकडाची टीचभर कडी, एका बाजूनं चामडं मढवलेलं, कडीच्या खाचांत पितळेच्या छोट्या चकत्या. जुन्या खंजिऱ्या घोरपडीच्या कातड्याच्या असायच्या. आता घोरपडीला कायद्यानं हात लावता येत नाही, म्हणून बकरीचं किंवा प्लॅस्टिकचं. डाव्या हातात उभी धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. हे सांगायला सोपं आहे. माझं डावं मनगट दहा मिनिटांत भरून यायचं आणि उजव्या हाताचा अंगठा नको तिथं पडायचा. गंमत म्हणजे चकत्यांचा छनछन आवाज मला येतच नव्हता, बारीक आवाज ना तो. पण चामड्यावरची थाप डाव्या तळहाताला कळायची. पारावर जे कानाला जमत नव्हतं ते इथं हाताला जमायला लागलं. दुसऱ्याची थापही जमिनीवरून मांडीला कळते, सतरंजीवर बसलं की.

भजनी ठेका आठ मात्रांचा. मी मनात मोजायचो. टेलरदादांना ते माझ्या ओठांवरून कळायचं. "मोजू नोको ना बे! तिकिटं फाडून रायला का?" मग त्यांनी युक्ती केली. माझ्या गुडघ्यावर, दुखत नव्हता त्या, स्वतःचा हात ठेवला आणि पूर्ण भजन संपेपर्यंत त्यावर ठेका धरला. शिलाई मशीनच्या पायाची लय असावी ती, अर्धं शतक पाय चालवलेला माणूस. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा वहीत लिहिलं, "आधी 3, नंतर 5." पाचाला मी गोल केलेला आहे.

गोळीचा गुण की खंजिरीचा, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच महिन्यात सुरू झालं. डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, तुम्हाला भांडण लावायचं आहे का त्यांच्यात?

दिवाळीत पोरगी आली. तिनं मोबाईलवर कुठलंसं वाचून दाखवलं. 'नेचर मेडिसिन' नावाच्या मासिकात तेव्हा नुकतंच आलेलं, 2023 चं. 16 देशांतली 65 वर्षांवरची 93 हजारांहून जास्त माणसं, त्यांची बरीच वर्षं ठेवलेली माहिती. ज्यांना छंद होता ती कमी खिन्न, जास्त समाधानी, तब्येतीबद्दलही बरं बोलणारी. मी विचारलं, त्यात आपला देश आहे का? नव्हता. इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन आणि युरोपातले बारा. आणखी एक शंका आली. छंदानं माणूस खुश होतो, का खुश माणूसच छंद करतो? पोरगी म्हणाली, बाबा, शास्त्रज्ञांनाही ती शंका आहे, ते जपूनच बोलतात. मग बरं.

देश नव्हता हे मला खटकलं, त्याचं कारण त्याच महिन्यात समोर आलं. सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याआधीची वावरातली पूजा, झाली, कापसाचा वेचा सुरू झाला आणि आमचं भजन अर्धं झालं. आमच्या शेजारची म्हातारी सत्तरीची. तिचा आवाज भजनात सगळ्यांत गोड. ती पहाटे डबा घेऊन दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायची, किलोवर मजुरी. सांजेला कंबर धरून यायची आणि बाजेवर पडायची. तिला कोणता छंद सांगणार? टेलरदादांचे गडीही वावरात. मंदिरात कधी तिघं, कधी दोघं. एक गुरुवार असा गेला की मी एकटाच दिवा लावून बसलो आणि परत आलो. म्हातारपणाच्या विरंगुळ्याबद्दल जे लिहितात त्यांनी हंगाम धरला पाहिजे. पेन्शन धरली पाहिजे. माझी तर ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाली, आकडा सांगून तुमचं मनोरंजन करत नाही.

त्या डिसेंबरात वही पुन्हा 3 वर आली, मग 2 वर. एका रात्री दीड वाजता तो 14416 नंबर लावला. बाईमाणूस होती पलीकडे, मराठीतच बोलली. मला मोठ्यानं बोला म्हणावं लागलं, त्यामुळे मुलांची आई उठून बसली आणि सगळं तिनंही ऐकलं. वीसेक मिनिटं बोललो असेन. फार काही सांगितलं नाही तिनं, विचारत गेली. गोळी चालू आहे का, हे दोनदा विचारलं. मी आठवडाभर घेतली नव्हती. बरं वाटलं म्हणून सोडली होती, डॉक्टरबाईंनी बजावलं होतं अगदी तसंच.

गोळी पुन्हा सुरू केली. आणि गुरुवारचं एक ठरवलं. मंदिरात कोणी नसेल तर मी खंजिरी घेऊन टेलरदादांच्या दुकानात जायचं. ते पायजम्याला नाडीची पट्टी घालत बसायचे, मी वाजवायचो. चुकलो की मशीन थांबायची. एवढीच शिकवणी. शेवटचा वेचा उरकेपर्यंत असं चाललं.

पावसाळ्यात वेगळी पंचाईत. ओल लागली की चामडं सैल पडतं, थाप मारली की ओल्या पोत्यावर मारल्यासारखी. ते शेकून ताणून घ्यायचं असतं. उन्हात ठेवतात, ऊन नसलं की निखाऱ्याच्या वर, हातभर अंतरानं, फिरवत फिरवत. मी शहाणपणा केला, गॅसवर धरली. घरात केस जळाल्याचा वास सुटला. मध्यभागी एक पिवळा डाग, मग तपकिरी, मग टच्च करून कडेपासून कडेपर्यंत चीर. टेलरदादांची खंजिरी, त्यांच्या बापाची. मी ती फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो. त्यांनी फडकं उघडलं, चिरेतून बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "कपडा असता तं रफू केला असता." पुढं एक शब्द नाही. त्या दिवशीची नोंद वहीत कोरी आहे.

2024 च्या दिवाळीआधी मोझरीला पुण्यतिथी महोत्सवाला गेलो, आम्ही अकरा जण, एसटीनं. टेलरदादांना 75 च्या वर म्हणून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत तिकीट फुकट, बायांना अर्धं. कंडक्टर पोरगं आधार कार्ड पाहून मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढत होतं. टेलरदादांनी ते तिकीट सगळ्यांना दाखवलं, "पाहा, सरकारनं माही किंमत केली. झीरो." पोरगं हसलं. मी त्याला बेल कुठे द्यायची ते सांगायला लागलो, तेव्हा मुलांच्या आईनं माझा सदरा ओढला.

तळेगाव गेलं, वर्धा नदीचा पूल गेला. मोझरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानांच्या रांगेत मी आधी खंजिऱ्या पाहिल्या. सतरा वाजवून अठरावी घेतली, दुकानदार वैतागला. ती टेलरदादांना दिली. त्यांनी उलटी करून पाहिली, अंगठ्यानं कडी चाचपली आणि झोळीत टाकली.

तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी. दरवर्षी तिथीला बरोबर त्याच मिनिटाला मौन असतं. मला वेळ पाळण्याचं वेड, मी घड्याळ धरून बसलो होतो. 4:57 ला हा एवढा कालवा. पोरं रडताहेत, भोंगे चाललेत, माणूस माणसाला हाका मारतोय. आणि 58 ला सगळं बंद. लाखो माणसं असतील. मला एरवीही कमीच ऐकू येतं, पण तेव्हा आजूबाजूचे सगळे माझ्याएवढेच बहिरे झाले होते. टेलरदादांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. ठेका नव्हता त्यात, नुसता हात.

परतीच्या गाडीत वही काढायची राहून गेली. त्यानंतर ती नियमानं लिहिलेली नाही. शंभर पानांतली चौदा कोरी आहेत.

या संक्रांतीनंतर उपकेंद्रात मॅडमनं पुन्हा तेच 15 प्रश्न विचारले. मागचा कागद तिच्याकडे होता. बाहेर पडण्यापेक्षा घरी बसावंसं वाटतं का? थंडीत वाटतं, म्हटलं. हो का नाही ते सांगा. नाही. जिवंत असणं छान वाटतं का? हो. शेवटचा प्रश्न, बहुतेक लोकांचं तुमच्यापेक्षा बरं चाललंय असं वाटतं का?

हो, म्हटलं.

तिनं मान वर केली. "कोणाचं, काका?"

"ज्यांची पेन्शन ईपीएस-95 ची नाही, त्या सगळ्यांचं."

ती हसली, पण खूण केलीच. त्या एकासकट चार झाले.